मानशीवरचा जबाब

लिहून घ्या, साहेब.
नाव शाबलो. हुद्दा नाही. मानशीवर बसतो.
मानस म्हणजे मन नव्हे,
तुम्ही पलीकडच्या काठाचे, म्हणून सांगतो:
बांधातली लाकडी दारं,
भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात,
खारं पाणी शेतात येऊ देत नाहीत.
आजोबाने बसवली, बापाने राखली.
सावरजुव्याच्या सनदेत सात तोफांची नावं आहेत,
आमचं नाही.

मांडवीच्या काखेतलं एवढंसं बेट,
पण स्वतःचं नाणं, स्वतःचा जकातनाका,
स्वतःचा तुरुंग. त्यात बहुधा एकच चोर,
तोही जेवायला घरी जायचा.

करार जुना होता. कागदावर नव्हता.
माघातल्या अवसेला वेशीवर एक रोट,
माडाची सूर, विड्या,
आणि चामड्याच्या चपलांचा नवा जोड.
सकाळी जुना जोड तिथंच मिळायचा,
तळ झिजून पापड झालेला.
रातभर बेटाभोवती कोण चालतं
हे विचारायची रीत नव्हती.

यंदा दोतोर लिगोरियूंनी हिशेब तपासला.
‘चपला, एक जोड. लाभार्थी अज्ञात.’
लाल शाईची रेघ.
रेघ सरळ होती, हे मी कबूल करतो.

तिसऱ्या रात्री तो आला.
हातात काठी. कंदिलाचा उजेड खाली न पडता
वर वर जात होता, धुरासारखा.
पाय अनवाणी. टाचेत कालवांच्या कपच्या.
काय म्हणाला ते शेवटी सांगतो.
भरती होती, पुरती भरती,
आणि मी दार उघडलं.

आत आलं ते पाणी समुद्राचं नव्हतं.
सत्तावन्न वर्षं पाणी चाखतोय मी.

आधी दारांना आठवलं, आपण फणस होतो;
जकातनाक्याची चौकट गऱ्यांनी लगडली.
खिडक्यांतले शिंपले उघडमीट करू लागले,
आपोलिनाबाईच्या साल्यात रात्री चारशे पापण्या.
इनास पॉदेर भोंगा वाजवी,
तर पाव टोपलीतून उठून आपापल्या घरी जात,
उधारीवाल्यांच्या दारात मात्र थांबत नसत.
नगरसभेत अध्यक्षांच्या खुर्चीवर वारूळ चढलं, सात हात.
ठराव आता त्यालाच विचारून होतात
आणि, राग नसावा, बरे होतात.
तोफांत खंड्याची पिल्लं.
नाण्यांवरचे मुकुट खेकडे होऊन
तिरके तिरके खाडीत उतरले,
म्हणून बाजारात हल्ली गुपितं चालतात.
वाटाभर बांगड्यांना एक, शेवट्याला दोन.
माझी बहीण रुकमा तीन दिवस उपाशी राहिली:
तिच्यापाशी एकच होतं, फार मोठं,
सुटे कुणाकडे नव्हते.

नुकसानही लिहा. कैतानचा धाकटा
सावरीवर चढला, तो उतरला पाखरांची बोली घेऊन.
आईला ओळखतो. हाक मारता येत नाही.
ती रोज अंगणात बसून शीळ शिकते,
ओठ फुटलेत तिचे.
ह्याचा दोष माझ्यावर घाला. मी घेतो.

दोतोर हरवलेत असं नाही.
ती लाल रेघ धक्क्यावरून निघून
पाण्यावर सरळ गेली आहे,
ते तिच्यावरून चालताहेत. कधीकधी दिसतात.

आता, का उघडलं.
तुम्ही ‘भीतीपोटी’ लिहिलंय. खोडा.
मी आधी माझ्या चपला काढून दिल्या होत्या,
रबरी, म्हापशाच्या बाजारातल्या.
त्याचा अंगठाही शिरेना.
मग तो माझ्या पायांकडे बघून म्हणाला,
‘शाबल्या, आता तुला काटे बोचतील की रे.’
तीन पिढ्यांत आम्हाला कुणी
पाण्याखेरीज काही विचारलं नव्हतं.

झालं. अंगठा कुठं उठवू?
तुमच्या टाकाला मघापासून पालवी फुटतेय,
तेवढी मोडू नका.
आणि पलीकडे चांभार भेटला तर पाठवा.
माप मी घेऊन ठेवलंय, सुंभाने, दोनदा.
डावा पाय थोडा मोठा आहे.