पलीकडचं झाड

पान एकाआड एक, वीतभर लांब,
चामड्यासारखं जाड, वरून तेल लावल्यासारखं.
साल काळी. झाड बारमाही हिरवं.
मगदूम बाई वहीत एवढंच लिहायला लावायच्या
आणि मग म्हणायच्या, आता तुझ्या घरचं सांग.

घरचं सांगायचं तर
हरिपूरच्या संगमावर आमची नाव होती
आणि काठावर टेंबुरणी.
उन्हाळ्यात बाबा कच्ची फळं उखळात कुटायचे,
चार दिवस भिजत घालायचे,
त्या चिकात कोळशाची पूड कालवून
उपड्या नावेच्या पोटाला चोपडायचे.
पुढचे आठ दिवस हात काळे.
भाकरी मोडताना काळे,
माझ्या फीचे पैसे मोजताना काळे.

फळ लिंबाहून मोठं, तांबूस मखमल पांघरलेलं,
बोटानं घासली की मखमल निघून येते.
देठाशी चार कानांची टोपी.
फूल झडलं तरी ती झडत नाही,
फळाबरोबर वाढत राहते.
कच्चं चावलं तर जीभ टाळूला शिवली जाते.
पिकलं की गोड, म्हणतात.
मला विचाराल तर गोडापेक्षा चिकटच जास्त.

आबनुसाच्या कुळातलं आहे, बाई म्हणाल्या,
आणि मी गावभर सांगत सुटले.
बाबांनी मोडक्या फांदीचा पेर पुढं धरला.
आत राखाडी. काळं टिपूससुद्धा नाही.
"कूळ मोठं असतंय गं,
समद्यांच्याच पोटात काळं नसतंय."

दुसरं झाड पलीकडं, कोथळीच्या काठावर.
तशीच साल, तसंच पान,
चैत्रात तशीच पालवी, आधी तांबडीलाल,
मग पोपटी, मग कधी हिरवी झाली ते कळत नाही.
पण फळ नाही. एकही नाही.
लोक त्याला वांझोटा म्हणायचे,
बुंध्याला म्हशी बांधायचे.

बाईंनी भिंग काढलं.
मी नावेतून जाऊन दोन्हीकडची फुलं आणली,
रुमालाच्या दोन टोकांना दोन गाठी मारून.
पलीकडची बारकी, पांढरट, तीन-चारच्या झुपक्यात,
आत केसरांची खेचाखेच. सदतीस मोजले, मग चुकले.
अलीकडची थोराड, एकेकटी,
मधोमध इवलंसं फळ, अजून फळ न झालेलं.

रात्री बाबांना सांगितलं.
ते वल्ह्याची फट बुजवत होते.
"म्हंजे माश्या फुकट ये-जा करत्यात म्हण की,
इतकी वर्सं, एक पैसा भाडं न देता."

मग पुलाचा रस्ता आला.
फळ न देणारं झाड,
मोजणीत त्याला सरपणाचा भाव लागला.
अर्ध्या दिवसात गेलं.
मी कऱ्हाडला शिकत होते. कुणी कळवलं नाही,
कळवावं असं त्यात कुणाला काय वाटणार.

पुढच्या उन्हाळ्यात आमची फुलली, नेहमीसारखी.
आणि वैशाखात काठावर नुसत्या टोप्या पडल्या,
चार कानांच्या, आत काही नसलेल्या.
पिराजी आंबी, वय एकाहत्तर,
एक टोपी तळहातावर घेऊन बराच वेळ बसले.
नाव तशीही उपडीच होती.
पुलावरून दुधाचा टेम्पो गेला.

वहीत पलीकडची फुलं अजून आहेत,
तपकिरी, हात लावला तर भुगा होणारी.
माझंच अक्षर: कोथळी काठ, नर.

आदल्या सालची फळं तेवढी फांदीवर राहिली होती,
या झाडाला पिकवायची घाई नसते.
एकातून सहा बिया निघाल्या, चपट्या, बुळबुळीत.
दुधाच्या पिशव्यांत चार उगवल्या.
दोन पानं, मग चार. कोवळी, लाल.
येणारा-जाणारा विचारतो, यातलं नर कुठलं, मादी कुठली?
बाबाही विचारतात, रोज पाणी घालताना,
आपल्याकडं तेवढी वर्षं आहेत असं समजून.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते, मला माहीत असायला हवं.
पण फुलल्याशिवाय
ही झाडं सांगत नाहीत.