एक हात राहू द्यायचा

पार्नूला समुद्र गोठतो तेव्हा
फिनलंडहून येणारे हसरे पाहुणे थांबतात
आणि माझ्याकडे उरतात फक्त गावातल्या पाठी.

चेहरे माझ्या नीट लक्षात राहत नाहीत.
दुकानात कुणी ओळखीचं हसलं
तर मी आधी खांदे बघते,
मग म्हणते, अगं, ही तर हिल्या,
शाळेत भूगोल शिकवणारी,
जी टेबलावर पडल्यापासून बोलत असते,
जावयाबद्दल, मांजराबद्दल,
मांजराला जावई असता तर त्याच्याबद्दलसुद्धा,
आणि माझा अंगठा कमरेच्या एका जागी पोचला
की वाक्य अर्धं सोडते.
उरलेलं अर्धं मी कधी विचारलं नाही.

हेल्दुर मात्र बोलतच नाही.
सहा वर्षं, दर गुरुवारी, चार वाजता.
बंदरावर क्रेन चालवायचा, आता निवृत्त.
बूट दाराशी जोडून ठेवतो, टाचा भिंतीला,
शर्टाची चौकोनी घडी घालतो,
पालथा पडतो
आणि तोंडासाठी पाडलेल्या भोकातून
माझे लोकरी मोजे बघत राहतो.
एकदा म्हणाला, "उजव्याला भोक पडलंय."
त्या वर्षातलं आमचं ते सगळ्यात लांब संभाषण.

त्याची पाठ मला पाठ आहे.
उजव्या खवाट्याखाली एक गाठ,
अक्रोडाएवढी, हट्टी.
कोपरानं दाबली, गरम टॉवेल दिला,
ज्युनिपरचं तेल जिरवलं.
एका गुरुवारी जरा नमायची,
पुढच्या गुरुवारी पुन्हा जशीच्या तशी.
शेवटी विचारलं, "रोज काही उचलता का?"
भोकातून आवाज आला, "थोडंसं."

थोडंसं म्हणजे किती,
ते माझ्या हातांनी हळूहळू मोजलं.
कोळशाचं पोतं असं उचलत नाहीत,
पोत्याला माणूस श्वास धरून झटका देतो.
ही गाठ सावकाश उचलण्याची होती,
वाकून, एक हात मानेखाली, एक गुडघ्यांखाली,
आणि ठेवतानाही तितक्याच सावकाश,
ज्याला दुखू नये असं काहीतरी.

काल गुरुवार होता.
बूट, भिंत, चौकोनी घडी.
मी तेल हातावर कोमट केलं,
खवाट्याखाली अंगठा नेला
आणि अंगठा खाली गेला,
अंधारात जिन्याला एक पायरी जास्त आहे समजून
पाय जातो तसा.
सहा वर्षं जिच्यामागे हात धुऊन लागले होते
ती गाठ नव्हती.
नुसतं मऊ मांस, म्हाताऱ्या माणसाचं.

मला आनंद व्हायला हवा होता.
तेव्हा आठवलं,
मागचे दोन गुरुवार तो आला नव्हता,
निरोपही नव्हता.

आम्हाला शिकवणाऱ्या लाइनेबाई सांगायच्या,
दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत.
बाटली घ्यायची असो, चादर सारखी करायची असो,
एक हात अंगावर राहू द्यायचा,
नाहीतर पडलेल्या माणसाला वाटतं
खोलीत आपण एकटेच आहोत.

मी काही विचारलं नाही.
तोही मोज्यांबद्दल काही म्हणाला नाही,
खरं तर नवे होते.
रिकाम्या जागेवर तळहात ठेवला,
दाबला नाही, फिरवला नाही.
बाहेर बर्फ उपसणाऱ्या गाडीचा पिवळा दिवा
भिंतीवरून दोनदा गेला.
मग त्याची पाठ एकदा हलली,
क्रेननं ओझं खाली सोडल्यावर
वर नुसती तार हलत राहते, तशी.
बराच वेळ.

पाच वाजले. पाचला हिल्याची वेळ,
दाराबाहेर तिचा आवाज आला, फोनवर कुणाशी तरी.
हेल्दुर उठला नाही.
मी डाव्या हातानं दिवा मंद केला,
पाय लांबवून अर्धवट दार लोटलं.
उजवा तिथंच होता.
"हिल्या, आज जरा थांब," मी म्हटलं,
आणि दाराबाहेरचं वाक्य
अर्ध्यावरच राहिलं.