पाण्यात पाहणे

झाकली मूठ सव्वा लाखाची.
आमच्या तळघरातल्या मुठी पोलादाच्या,
प्रत्येकीला आठ बोल्ट,
आत चमचाभर पाणी
आणि तांदळाच्या कणीएवढा फेल्डस्पार.
तीनशे अंश. पाचशे बार.
वीस वर्षं आम्ही तेच करत आलो:
मूठ मिटायची, तापवायची, निववायची, उघडायची.
मधे काय घडलं ते मागाहून ओळखायचं,
मांडवात सांडलेल्या अक्षतांवरून
नवरी कशी दिसत होती ते ओळखावं, तसं.
पोलाद मूग गिळून बसतं.

मला खिडकी हवी होती.

"भोक पाडलं की भांडं हरतं,"
झायफर्ट म्हणाला, आणि पेन्सिल कानामागे खोचली.
त्याचा पणजोबा याच फ्रायबर्गखाली चांदी खणायचा.
त्यांच्या घरात भोकांबद्दल
जपून बोलतात.

पहिली खिडकी क्वार्ट्झच्या काचेची.
दोनशे ऐंशीला पिठूळ झाली,
सकाळपर्यंत तिला मोतीबिंदू.
ज्या पाण्यापुढे खडा वाढून ठेवला होता
ते रात्रभर खिडकीच खात बसलेलं.
मी वहीत लिहिलं:
निरीक्षण पहिलं, बघणारीच विरघळली.
झायफर्टने ते खोडलं. वर लिहिलं: काच बाद.

मग नीलमणी.
शनीची पीडा टळावी म्हणून बोटात घालतात, तोच;
पण हा निळा नाही, कारखान्यात वाढलेला,
नितळ, अंगठ्याएवढा जाड.
नीलमणी आणि पोलाद, तापल्यावर दोघांचं पटत नाही:
एक फुगतं भराभर, दुसरा अडून राहतो.
मधे कुणीतरी मऊ लागतं.
बुर्गस्ट्रासेवरच्या सोनाराकडे
चोवीस कॅरेटची तार ओढायला दिली.
"लग्न कुणाचं?" त्याने विचारलं.
मी त्याला बोल्टांची मापं सांगितली.

अकरा आराखडे. सातव्यात चूक माझी,
एक शून्य दशांशचिन्हाच्या चुकीच्या बाजूला,
ती झायफर्टने कुणालाही न सांगता कापली
आणि तो तुकडा अजून
खिडकीत फुलदाणीखाली ठेवलाय.

गळती ऐकू येत नाही.
जोडाशी टिपकागद धरायचा,
तो आधी ओलावतो, मग आपण घाबरतो.
बोल्ट समोरासमोरचे आवळायचे,
पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे,
रुसलेल्या दोन जावांना एकाच वेळी समजवावं तसे.

आणि भांड्यासमोर उभं राहायचं नाही, कधीच.
ज्याला बघायचं त्याच्याकडे पाठ,
भिंतीच्या कोपऱ्यावर आरसा,
आरशात दुर्बीण, दुर्बिणीत डोळा.
आयुष्यात कुणाला पाण्यात पाहिलं नाही मी,
आता पगारच त्याचा.

जानेवारी. बाहेर बर्फ गुडघ्याला.
अडतिसाव्या तासाला खड्याची एक कड
होती तिथे नव्हती.
तुटली नाही, सरकली नाही;
पाण्याने तिला इतक्या हळू मागितलं
की तिने दिलं.
आणि शेजारी, काहीच नव्हतं तिथे,
एक पातळ पापुद्रा,
मग त्याला टेकून दुसरा,
पांढरे.

"झायफर्ट," मी म्हणाले. मोठ्याने म्हणवलं नाही.
तो आला, चष्मा वर सारून वाकला.
बराच वेळ फक्त हीटरची घरघर.
हातातला कॉफीचा पेला त्याने
आरशाच्या फळीवर ठेवला.
पोर्सलीनचा, कान तुटलेला, आईकडचा.
असल्याच मातीचा. डोंगराला जे जमायला
युगं लागली असतील, तो पेला त्यावर आता
अर्धा भरलेला, निवत चाललेला.

त्याने पेल्याकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं.
काही बोलेल असं वाटलं.

"नीलमण्याची कड बघ," तो म्हणाला.
मी बघितली. डाव्या अंगाला
केसाएवढं धुकं.
यालाही पाणी लागलं होतं.

"किती दिवस?"
"दहा. बारा, पाणी खारं नसेल तर."
तो तिसऱ्या बोल्टाला पाना लावत म्हणाला.
मी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला.