कोठीची वही

डोमाजीबाबांनी बैठकीत नावं पुकारली तेव्हा
मी मागच्या रांगेत चंची उघडून बसलो होतो.
सुतार दोन, लोहार एक,
बोडी खणायला सोळा जोडपी,
आणि मग जरा थांबून,
"इस्तारी दुधबळे, लिहायले."
घरी विचारायची सोयच नव्हती.
नाव निघालं की पंधरा दिवसांत गाडी जुंपायची,
असा पंथाचा दंडक.

खोब्रागडीच्या पल्याड जंगल.
आम्ही त्याला ओसाड म्हणालो,
तसं म्हणणं सोयीचं होतं.
रैजी हलामी तिथं मोह वेचायचा, त्याचा बापही.
आम्ही दोरी धरली तेव्हा तो झाडाखाली उभा होता,
एका टोकाला बाबा, एका टोकाला मी,
मधे चुन्याची रेघ.
वहीत "पूर्वीचा कब्जा" असा रकाना नव्हता.
रकाने मीच आखले होते.

दहा पायल्यांतली एक कोठीत.
ज्याच्याकडे धान नाही त्यानं दहातला एक दिवस.
लांजेवारांची ठमाबाई दहावं अंडं आणून द्यायची,
फुटकं निघालं तर परत जाऊन दुसरं.
शनिवारी दोघं दोघं घरोघर फिरत:
चूल पेटते का,
नवराबायको बोलतात का,
कोण खोकतं.
रात्री ते सांगत आणि मी लिहीत असे.
एका गावाची भांडणं इतक्या बारीक अक्षरात
दुसऱ्या कोणी लिहिली नसतील.

बोडीचं पाणी खालून वर.
शेपटाच्या बांधीला आधी,
बाबांच्या बांधीला सगळ्यात शेवटी.
एका साली शेवटी पाणी उरलंच नाही.
बाबा पिवळ्या धानाकडे बघून म्हणाले,
"बरं झालं जी, हिशेब जुळला."

भादव्यात त्यांना ताप चढला.
शेवटच्या रात्री उशाशी मी एकटाच.
सकाळी ओसरीवर एका अंगाला सात पंच,
एका अंगाला पुतण्या सोमाजी,
आणि सगळे माझ्याकडे बघत:
"का म्हनले बाबा? नाव कोनाचं घेतलं?"
मी खरं ते सांगितलं.
बाबा म्हणाले, "कोठीले कुलूप लावलं का?"

पंचांनी अर्थ लावला: कुलूप म्हणजे पंच.
सोमाजीनं अर्थ लावला: किल्ली रक्तातून येते.
मला वाटतं, म्हातारा कुलपाबद्दलच विचारत होता.
मी ते लावायला विसरलो होतो,
पण त्या सकाळी
हे ऐकायला कोणी मोकळं नव्हतं.

एकोणीस घरं सोमाजीमागं वरच्या जंगलात गेली.
पंचांनी मला लाल शाई आणून दिली.
एकोणीस रेघा.
त्या सालापासून पाणी वरून खाली.
ठराव माझ्याच अक्षरात आहे,
वळण चांगलं आलं आहे.

पुढल्या श्रावणात, कोंबडं आरवायच्या आधी,
कोठीच्या मागच्या दाराशी गिरजा, सोमाजीची बायको.
अंगावरचं लुगडं निथळत होतं,
काखेत पालथी टोपली.
बोलली काहीच नाही.
नियम पाठ होता मला:
नाव कापलं त्याला दाणा नाही.
तो लिहिताना मी एक शब्द खोडून
जास्त कडक शब्द घातला होता.

कंदील मोठा केला.
जुनं पान काढलं, बाबा होते तेव्हाचं.
तळाशी दोन ओळींची जागा.
"गिरजा सोमाजी गहाणे, धान पायल्या पाच, उसने."
तारीखही तेव्हाचीच टाकली.
शाई नवी दिसत होती,
मी फुंकर घातली, वर थोडी राख चोळली.

ती पाण्याच्या पाटावरून गेली, शेपटाकडच्या वाटेनं.
एक ओळ उरली होती.
तीत लिहिलं: रैजी हलामी.
पुढं किती, काय, केव्हाचं,
ते सुचेना.
दौत आटेपर्यंत टाक हातात धरून बसलो.

मग कुलूप लावलं.
अर्ध्या वाटेवरून परत येऊन
एकदा ओढून पाहिलं.