हिरव्या टोपणाची नळी

बिल्स्टनमधल्या आमच्या चौदा नंबरच्या घरी
दर दोन वर्षांनी एक पाकीट यायचं,
दिगंबररावांच्या नावाचं.
पहिलं त्यांनी वीजबिल समजून फोडलं
आणि डिंकाने परत चिकटवलं, नीट.
दुसरं गेलं पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर.
तिसऱ्याला मात्र हसले:
"शी पोस्टाने मागवतात, कुमुद!
टपालखर्चही त्यांचाच!"
मीही हसले.
ते हसू अजून ठिबकतं,
नळ घट्ट न लागल्यासारखं.

शी हा शब्द आमच्यात
लहान मुलांपुरताच होता.
मोठ्यांचं पोट बिघडायचं,
नाहीतर काहीच व्हायचं नाही.
रक्त पडायला लागलं तेव्हा
त्यांनी त्याला मूळव्याध म्हटलं,
मी सुरण आणला, ताक घुसळलं.
दवाखान्यात फोनवर दुभाषी मिळाला, हिंदीचा,
तोही "वो... मतलब... पीछे से" म्हणून थांबला.
मग मोठ्या इस्पितळातली डॉक्टरीण म्हणाली,
टू लेट.
तेवढं इंग्रजी आम्हाला येत होतं.

काल माझ्या नावाचं आलं.
समोरची व्हेरोना म्हणते, आमच्या चर्चमध्ये
हा विषय निघाला की सगळ्या
प्रार्थनेचं पान शोधू लागतात.
बलविंदरकडे तीन पडून आहेत,
एका खोक्यात ती सुया ठेवते.
तुमच्या भागातून पाकिटं परत येत नाहीत,
असं कुठल्याशा सभेत कोणी सांगून गेलं.
नसतील येत.
सोबतचा कागद पंजाबीत होता, बंगालीत, गुजरातीत,
आम्ही 'इतर' या चौकटीत,
आणि चौकटीला कोणी पत्र लिहीत नाही.

आज सकाळी कडी लावून
चष्मा लावून चित्रं पाहिली.
स्वच्छ रिकामा डबा घ्या, असं होतं.
श्रीखंडाचा सापडला.
देवाने मनावर घेऊ नये.
काडी फिरवली, टोपण दाबलं, टक् वाजलं.
तारीख लिहिताना हात थरथरला,
मार्चच्या जागी त्यांचा महिना लिहिला गेला,
खोडला.

लाल पेटीत टाकून
तशीच बलविंदरकडे गेले.
तिने सुया चहाच्या डब्यात ओतल्या.
तिच्या नळ्यांची मुदत कधीच उलटली होती.
नवी मागवायला फोन लावलाय,
वीस मिनिटं झाली.
दोघी एका फोनला कान लावून
कुणाचा तरी पियानो ऐकतोय.
"तू बोल," ती म्हणते.
"तूच बोल," मी म्हणते.