ऐंशी ग्रॅम

खाडीचं पाणी गुडघ्याखाली उतरतं
तेव्हा आम्ही उतरतो.
हातात दाताळं, कमरेला बादलीची दोरी,
रबरी बुटांत कालचीच थंडी.
गालिसियाच्या या किनाऱ्यावर
घड्याळ चंद्राकडे असतं
आणि तराजू डॉन एव्हारिस्तोकडे.
आमचा कणा वाकतो. त्याचा काटा वाकत नाही.

तसा माणूस वाईट नव्हता.
नाताळला प्रत्येकीला तेलाची बाटली,
ओब्दुलियाच्या नवऱ्याच्या मयताला
सगळ्यांत मोठं पुष्पचक्र त्याचंच.
आम्ही त्याला दुवा दिलाय, खोटं कशाला बोला.

मग माझ्या नणंदेच्या पोरीनं, साबेलानं,
घरी, केकचं पीठ मोजायच्या काट्यावर
किलोभर तिसऱ्या मोजल्या,
पिशवीला गाठ मारली
आणि तीच पिशवी त्याच्या काट्यावर ठेवली.

नऊशे वीस.

ऐंशी ग्रॅम म्हणजे किती,
तर पोराच्या बशीतले दोन घास.
साबेलानं वहीत गुणाकार मांडला:
सदतीस बायका, वर्षाचे दोनशे दिवस, अकरा वर्षं.
कागद संपला तेव्हा पुठ्ठ्यावर
त्याच्या माडीची कौलं उतरली,
मग गाडी, मग माद्रिदमधलं लेकाचं हॉटेल,
जिथं आमच्या आठ तिसऱ्या
लिंबाच्या फोडीसकट अठ्ठावीस युरोला बसतात.

मापात पाप, ओब्दुलिया म्हणाली.
पाप असतं तर पाद्रीपुढे कबूल करून
मोकळा झाला असता, रेमेदियोस म्हणाली.
हा धंदा आहे बाई. धंद्याला कबुली लागत नाही.

आम्ही फार काही ठरवलं नव्हतं, हेही खरं.
झेंडा नव्हता. भाषण कुणालाच धड येत नाही.
फेब्रुवारीतल्या उधाणाच्या ओहोटीला
भरल्या बादल्या घेऊन शेडसमोर उभ्या राहिलो.
डोसिंडानं विचारलं, आमचा काटा ठेवू का शेजारी?
तो हसला.
म्हणाला, नाशवंत माल आहे,
संध्याकाळपर्यंत तुम्हीच याल.

एवढं एक वाक्य तो जास्तीचं बोलला.

वळलो. पुन्हा चिखलात.
जिथून उकरल्या होत्या तिथंच
एकेक तिसरी वाळूत परत पेरली.
वाकणं तेच. पाठ तशीच दुखत होती.
काहींनी आत जाताना तोंडातून पाण्याची
बारीक चिळकांडी उडवली, आमच्याच अंगावर,
आणि डोसिंडा इतकी हसली की चिखलात बसली.

दोघींनी मात्र विकलं.
एकीच्या घराचे हप्ते थकले होते.
आम्ही त्यांना काही बोललो नाही,
म्हणजे त्या आठवड्यात.
नंतर बोललो, बरंच बोललो,
आणि त्याची मला अजून लाज वाटते.

सोळा दिवस.
चौथ्या दिवसापासून ओब्दुलियाच्या चुलीवर
सगळ्यांचा एकच बटाट्याचा रस्सा,
मीठ कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही.
सतराव्या दिवशी शेडमध्ये
दोन काटे होते, शेजारी शेजारी.

भाव त्यानं त्याच दिवशी उतरवला.
किलोमागे ऐंशी सेंट.

साबेला पुन्हा वही घेऊन बसली आहे.
विचारते, स्वतःची शेड घालायला किती लागतील,
बर्फाचं मशीन, एखादा जुना टेम्पो.
आम्ही हसतो.
मग कुणीतरी हळूच आकडा सांगतं,
दुसरी म्हणते, छे, त्याहून कमी.

उद्याची ओहोटी पहाटे पाच दहाला.