अर्थिंगला पाणी

न्हाणीच्या दाराशेजारी एक बटण आहे, पंज्याएवढं.
वर कुणीतरी खिळ्यानं कोरलंय : हीटर.
हीटर नाही.
बोअरच्या खाऱ्या पाण्यानं तीन कॉइल खाल्ल्या,
टाकी भंगारवाल्यानं किलोवर नेली.
बटण मात्र तसंच.
दाबलं की लाल दिवा लागतो,
पलीकडे कुणी नसताना.

पाहुणे दाबतात. मीसुद्धा दाबलंय,
पौषातल्या पहाटे, अर्धवट झोपेत,
आणि बादली घेऊन उभी राहिलेय.

शेवयांची मशीन आली तेव्हा प्रश्न पडला,
एक हॉर्सपॉवर लावायची कुठं?
हॉलच्या प्लगाला लावली तर मोहरी तडतडली
आणि टीव्ही गेला.
हे म्हणाले, भिंत फोडू, नवी लाइन ओढू.
भिंत फोडायची म्हटलं की ह्यांना हुरूप येतो.

खय्यूम आला. मेन पाडला,
फ्रिज मधेच बोलायचा थांबला.
बटणाचे दोन स्क्रू निघाले तसा
सिमेंटचा चुरा सांडला, पालीच्या अंड्याचं टरफल,
मागं तीन वायरी.
"वहिनी, तार पाहा केवढी जाड. चारची आहे.
भिंतीत सोनं ठेवून बाजारात काय हिंडायलाव?"
लाल होती. काळी होती,
"नुसत्या बटणात काळी सापडत नाही, तुमचं नशीब."
हिरवी मात्र मागं दुमडून,
टेपात गुंडाळलेली, कशालाच न जोडलेली.
नऊ वर्षं आम्ही तिच्याशिवाय
बिनघोर आंघोळ केली.
खय्यूम यावर काही बोलला नाही.
ते काम त्याच्याच उस्तादाचं, हे मला मागाहून कळलं.

बॉक्स तोच ठेवला.
बटणाच्या जागी जाड सॉकेट, कडेला नवं बटण,
हिरवी वरच्या मोठ्या भोकात.
मग मेन चढवून होल्डरचा बल्ब लावून पाहिला.
लाल-काळी : लख्ख.
लाल-हिरवी : विडीच्या टोकाएवढा.
"जमीन धरत नाही," तो म्हणाला.
"खड्ड्याला पाणी कधी घातलं होतं?"

कोणत्या खड्ड्याला?

धुण्याच्या दगडामागं पाइपाचं एक तोंड निघालं.
वैशाखातलं मानवत,
काळ्या जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा,
नळ अकराव्या दिवशी,
घरात दोन ड्रम, माणसागणिक वाटलेले.
भांड्यांच्या विसळवणीत मूठभर मीठ टाकलं, ओतलं.
गडप. आवाजसुद्धा नाही.
दुसरी बादली ह्यांच्या आंघोळीची.
तिसरीला खालून काहीतरी बुडबुडलं,
आणि आत खय्यूम ओरडला, "बास! धरली!"

आता दर आठ दिवसांनी एक बादली.
हिशोबात एक माणूस वाढलं, खाणारं नाही, पिणारं.
परवा सत्यभामाबाई कुंपणावरून बघत होत्या :
"कामून ओतायलाव, बाई, एवढं पाणी?
लावलंय तरी काय त्या पाइपात?"

म्हटलं, शेवया.